टप्प्यात आला की कार्यक्रम: एमएमएमधल्या काउंटर पंचिंगबद्दल थोडं

२०१५ च्या डिसेंबरमधली कॉनर मॅक्ग्रेगर आणि जोसे आल्डोची फाइट, यूएफसी १९४ (यूएफसी म्हणजे एमएमएच्या, पंच, किक, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, लढती भरवणारी कंपनी), तिचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतंच "लकी पंच होता रे तो, १३ सेकंदांत काय फाइट असते का" आणि माझं डोकं सटकतं. आल्डोच्या चाहत्यांचं दुःख कळतं मला, माणूस दहा वर्षं हरला नव्हता आणि एवढ्या महिन्यांच्या हाइपनंतर लोक खुर्चीत नीट टेकायच्या आत सगळं आटपलं. पण लकी? ती क्लिप एकदा एकदम स्लो करून बघा. मॅक्ग्रेगर बेल वाजल्या वाजल्या मध्यभागी येऊन उभा राहतो, लगेच डावा हात टाकतो, आल्डोला श्वास घ्यायला जागा देत नाही. मग आल्डो उजव्याच्या मागोमाग डावा हूक (बाजूने वळून येणारा पंच) घेऊन आत झेपावतो, सगळं वजन पुढच्या पायावर, डोकं एका सरळ रेषेत पुढे. मॅक्ग्रेगर मागे सरकतो आणि सरकता सरकताच त्याचा डावा सरळ निघालेला असतो. तो बरोब्बर हनुवटीवर. गंमत म्हणजे आल्डोचा हूक पण लागतो त्याला, पण तोपर्यंत हूक मारणारा माणूस शुद्धीत नसतो त्यामुळे त्यात काही जीव नसतो. आणि फाइटच्या आधी बॅकस्टेज वॉर्मअप करताना मॅक्ग्रेगर नेमकी हीच हालचाल करतोय, मागे सरकून डावा, असं फुटेज पण आहे. आता याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा बुवा.

मुळात काउंटर पंचिंग, म्हणजे समोरच्याच्या हल्ल्याला उत्तर म्हणून पंच मारणं, म्हटलं की लोकांच्या डोक्यात एक चित्र असतं, की एक माणूस शांतपणे मागे उभा आहे, समोरचा मारतोय, हा चुकवतोय आणि मग हा मारतो. म्हणजे वाट बघायची आणि संधी मिळाली की हात साफ करायचा. जिममध्ये नवीन आलेली पोरं हेच करतात, गार्ड वर घेऊन उभी राहतात आणि पंच यायची वाट बघतात, आणि पंच आला की तो खातात. बिचाऱ्यांचा दोष नाही, हिशोबच जमत नाही तो. डोळ्याने काहीतरी दिसल्यापासून शरीर हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात आणि जवळून आलेला चांगला जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) तेवढ्या वेळात पोचलेला असतो. म्हणजे हात सुटलेला बघून चुकवणं हा प्रकार जवळपास नसतोच. फास्ट बॉलरला खेळणारा बॅट्समन जसा चेंडू सुटायच्या आधीच बॉलरच्या हाताकडे बघून निम्मा शॉट ठरवतो तसं इथे खांदा, कंबर आणि पुढचा पाय बघायचा असतो. उजवा मारणारा आधी वजन कुठेतरी टाकतो, काही जण श्वास घेतात, काहींचं कोपर आधी बाहेर फाकतं, काही जण तर मारायच्या आधी त्या जागेकडे बघतात सुद्धा.

आणि त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे समोरचा कधी मारणार आणि काय मारणार हे तुम्हीच ठरवायचं. माझ्या मते काउंटर पंचिंगचा नव्वद टक्के मामला इथेच आहे. तुम्ही त्याला असं उभं करायचं की त्याला वाटेल आता मारलाच पाहिजे, आणि त्याला मारायला एकच पंच सोयीचा वाटेल, तोच ज्याचं उत्तर तुम्ही आधीच खिशात घेऊन आलायत. टप्प्यात आला की कार्यक्रम, हे बरोबर, पण त्याला टप्प्यात आणायचं काम पण तुमचंच.

पुल काउंटर घेऊ उदाहरणाला, कारण दिसायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा तोच. दोघंही ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे. समोरचा जॅब मारतोय. तुम्ही वजन मागच्या पायावर घेता, मागचा गुडघा वाकलेला, धड कंबरेतून मागे, आणि हनुवटी छातीलाच चिकटलेली. जॅब तुमच्या नाकापासून दोन बोटांवर येऊन संपतो. आता त्याचा हात परत निघालाय, आणि त्याच रस्त्याने, त्याच्या हाताच्या मागोमाग, तुमचा उजवा सरळ जातो. त्याचा हात घरी पोचायच्या आत तुमचा पोचला पाहिजे, एवढाच सगळा खेळ. मागच्या पायावर वजन आधीच भरलेलं असतं त्यामुळे वेगळा जोर लावायला लागत नाही, मागून पुढे आलात की पंच आपोआप जड होतो. चुकतं कुठे तर लोक पाठीची कमान करून मागे जातात, हनुवटी वर, हात खाली, आणि तिथून परत यायलाच वेळ लागतो. पुल असा करायचा की परत येता आलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं घाबरून मागे होणं झालं.

काउंटर कधी मारायचा याचे साधारण तीन प्रकार पडतात. त्याचा पंच संपल्यावर, त्याच्या पंचाबरोबर, आणि तो निघायच्या बेतात असतानाच. पहिला शिकायला सोपा, तिसरा बघायला भारी, आणि लोक गार होतात ते बहुतेक दुसऱ्यात. कारण दोन गोष्टी एकत्र येतात, तो पुढे येतोय आणि तुमचा हात त्याच्याकडे जातोय, दोन्ही वेग एकमेकांत मिळतात. वर त्याचं लक्ष मारण्यात असतं त्यामुळे त्याला तुमचा पंच दिसत नाही, मान घट्ट नसते, दात आवळलेले नसतात. दिसलेला पंच माणूस बऱ्यापैकी पचवतो, न दिसलेला नाही पचवत.

आता बॉक्सिंग करून एमएमएमध्ये आलेल्या लोकांची जी अडचण होते त्यावर येतो, कारण माझा जास्त जीव त्याच विषयात आहे. बॉक्सिंगमध्ये शेकडो वर्षांत घासून पुसून तयार झालेले काउंटर आहेत, पण ते बनलेत दोनच हातांच्या हिशोबाने. केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या रिंगणात, समोरच्याकडे दोन हात, दोन पाय, गुडघे, कोपरं आणि वरून टेकडाऊन (पकडून खाली पाडणं) असतं, आणि त्यामुळे अगदी बेसिक गोष्टी उलट्या होतात. बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा शोल्डर रोल घ्या, म्हणजे पंच खांद्यावरून घसरवून घालवायचा. पुढचा खांदा वर, पुढचा हात पोटावर, पुढचा पाय आत वळवलेला, आणि वजन मागे. बॉक्सिंगमध्ये याच्यासारखं सुख नाही. एमएमएमध्ये तो आत वळलेला पुढचा पाय म्हणजे लो किकसाठी (पायावर मारलेल्या किकसाठी) मांडून ठेवलेलं ताट, वळलेला पाय उचलून किक चेक करता, म्हणजे नडगीवर अडवता, येत नाही आणि सिंगल लेगसाठी (एक पाय पकडून पाडायला) तो पाय समोरच्याच्या हातात आयताच जातो. तसंच खाली वाकून हूक चुकवणं. बॉक्सिंगमध्ये डक करून उजवा टाकायचा हे पहिल्या महिन्यात शिकवतात, इथे डक केलं की खालून गुडघा येतो. डावीकडे उजवीकडे स्लिप करताना, म्हणजे डोकं बाजूला काढून पंच चुकवताना पण बघायला लागतं की आपण डोकं त्याच्या किकच्या दिशेने तर नेत नाही ना. मी स्वतः स्लिप एकदम छोटा ठेवतो, कानाजवळून पंच गेला म्हणजे बस झालं, मोठमोठ्या झुकांड्या टाकायच्या भानगडीत पडत नाही.

त्यात ग्लव्ह्ज. बॉक्सिंगच्या मॅचला ८ किंवा १० औंसचे, एमएमएला साधारण ४ औंसचे. मोठ्या ग्लव्हमागे चेहरा लपतो, छोट्यामागे नाही लपत, पंच मधून, बाजूने, कुठूनही घुसतो. म्हणून नुसतं हाय गार्ड करून, दोन पंच गार्डवर घेऊन मग उत्तर द्यायचं ही आयडिया इथे महागात पडते. याची दुसरी बाजू अशी की तुमचा काउंटर पण छोट्या फटीतून घुसतो आणि एक पुरतो. म्हणून एमएमएमधले चांगले काउंटर पंचर हाताने कमी आणि पायाने जास्त डिफेन्स करतात. अंतर, अंतर आणि अंतर. किकच्या भीतीने इथलं अंतर तसंही बॉक्सिंगपेक्षा लांब असतं, त्यामुळे पंच मारायला माणसाला एक अख्खं पाऊल टाकून आत यावं लागतं, आणि ते पाऊल हीच तुमची संधी. तो पाय हवेत असतो तेवढा वेळ त्याला काहीही बदलता येत नाही.

ल्योटो माचिदाचं सगळं करिअर या एका पावलावर उभं होतं असं मी म्हणेन. कराटेवाला माणूस, लांब उभा राहणार, मागे मागे सरकणार, आणि समोरचा कंटाळून आत घुसला की तिथेच थांबून सरळ हात. २०१२ मध्ये रायन बेडर त्याच्यावर हात खाली ठेवून अक्षरशः धावत गेला आणि समोरून आलेल्या उजव्यावर जाऊन आदळला. माचिदाने फार काही केलं नाही, पाय रोवले आणि हात लांब केला.

टेकडाऊनचं काय, तर इथे चक लिडेल आठवतो. लिडेल कॉलेजपासूनचा कुस्तीवाला, पण त्याने ती कुस्ती वापरली खाली न पडण्यासाठी. त्याला पाडणं अवघड होतं म्हणून तो बिनधास्त उभा राहून समोरच्याच्या येण्याची वेळ साधू शकायचा, रँडी कूटुरला २००५ मध्ये त्याने असंच आत येताना उजव्याने पकडलं. हे लोक विसरतात. काउंटर मारायचा म्हणजे काही क्षण तुम्ही एका जागी रोवलेले असता आणि नेमकं तेव्हाच कोणी पायात शिरला तर संपलं, तर स्प्रॉल (पाय मागे फेकून टेकडाऊन अडवणं) येत नसेल तर काउंटरचा विचारच करू नका, आधी ते शिका. आणि समोरचा खांदे खाली करतोय तो बॉडीला मारायला की पायात शिरायला हे कळेपर्यंत अर्धा सेकंद जातोच, त्या गोंधळाचा फायदा घेऊन वरून ओव्हरहँड (खांद्यावरून गोल फिरून येणारा पंच) मारणारे पण भरपूर आहेत. लिडेल स्वतःच २००८ मध्ये राशाद इव्हान्सविरुद्ध पुढे पुढे येताना ओव्हरहँड उजव्याने गेला, म्हणजे काउंटरवाल्याचाच काउंटर झाला.

चेक हूक मला वैयक्तिक सगळ्यात जास्त आवडतो. समोरचा सरळ धावून येतोय, तुम्ही पुढच्या हाताचा छोटा हूक मारता आणि त्याच वेळी पुढच्या पायावर फिरून बाजूला होता, तो तसाच पुढे जातो, बैल निघून जावा तसा. मेवेदरने २००७ मध्ये रिकी हॅटनला दहाव्या राउंडमध्ये याच हूकने घालवला. एमएमएमध्ये मात्र हॅटनसारखं जवळून चिकटणारे कमी आणि लांबून उडी घेणारे जास्त, म्हणून हूक थोडा मागे झुकून मारतात. इस्राएल अदेसान्या आणि रॉबर्ट व्हिटेकरची पहिली फाइट बघा, ऑक्टोबर २०१९, मेलबर्न. व्हिटेकरची ताकदच ती होती, लांबून झपकन आत यायचं आणि दोन-तीन पंच मारून निघून जायचं, भल्याभल्यांना ते झेपलं नव्हतं. अदेसान्या प्रत्येक वेळी मागे झुकून त्याची लांबी मोजत होता. पहिल्या राउंडच्या अगदी शेवटी उजव्याने खाली पाडला, बेल वाजली म्हणून वाचला, आणि दुसऱ्या राउंडमध्ये पुन्हा तीच एंट्री, पुन्हा अदेसान्या मागे, आणि या वेळी डावा हूक. मला या फाइटमधला शेवटचा पंच तेवढा भारी वाटत नाही जेवढी त्याआधीची मोजणी वाटते.

आमिष दाखवायचं म्हणाल तर अँडरसन सिल्वाच्या पुढे कोणी नाही. २००९ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनसमोर हात मांडीपाशी ठेवून उभा, डोकं पुढे, ये मार. ग्रिफिन मारतो आणि हवेत मारतो, आणि शेवटचा पंच तर सिल्वाने मागे जाता जाता मारला, पुढच्या हाताचा साधा जॅब होता तो, त्याने ग्रिफिन आडवा. मागे जाताना मारलेल्या पंचात ताकद कुठून येणार असं कोणी विचारलं तर मी हीच क्लिप दाखवतो, ताकद ग्रिफिन स्वतः घेऊन येत होता. पण हाच सिल्वा जुलै २०१३ मध्ये क्रिस वायडमनसमोर तेच करायला गेला. वायडमनने काय केलं, तर एक पंच मारून थांबला नाही. सिल्वा मागे झुकतोय, ठीक आहे, दुसरा टाकला, अजून झुकला, मग तिसरा. माणूस मागे किती झुकणार, कंबरेला शेवट असतोच, पाय जागेवरच होते आणि डावा हूक बसला. म्हणजे पुल एकदा करायचा, फार तर दोनदा, त्यानंतर पाय हलले पाहिजेत.

हा झाला काउंटरवाल्याला हरवायचा एक मार्ग. दुसरा शॉन स्ट्रिकलंडने दाखवला, सप्टेंबर २०२३, सिडनी, समोर अदेसान्याच. त्याच्यावर पैज लावणारे फार कमी होते. त्याने काहीही अचाट केलं नाही. ताठ उभा राहून छोटी छोटी पावलं टाकत पुढे, जॅब, परत जॅब, किक आली की हाताने बाजूला. झेप घेतलीच नाही एकदाही. अदेसान्याला उत्तर द्यायला लांब ताणलेला पंच लागतो, तोच मिळेना. मागे सरून सरून केज आला, पहिल्या राउंडच्या शेवटी उजव्याने खाली पण बसला, आणि पाच राउंडनंतर तिन्ही जजेसनी ४९-४६ दिले स्ट्रिकलंडला. ज्यांना ही फाइट बोअर वाटली त्यांच्याशी माझं जमणार नाही.

केजचं मात्र मजेशीर आहे. केजला पाठ लागणं वाईट, हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे, पण एप्रिल २०२३ मध्ये ॲलेक्स परेराने अदेसान्याला केजला दाबला होता, अदेसान्या गार्ड वर घेऊन अंग चोरून उभा, परेराला वाटलं झालं काम, गुडघा उचलला, आणि एका पायावर असताना वरून उजवा आला. मग अजून एक. आधीच्या तीन लढतींत, दोन किकबॉक्सिंगच्या आणि एक एमएमएची, परेराच जिंकला होता, त्यामुळे घाई होणं साहजिक होतं. शिकार संपलीये असं वाटलं की माणूस गार्ड विसरतो, हे अदेसान्याला पक्कं माहीत होतं.

जजिंगबद्दल बोलायलाच हवं कारण काउंटरवाल्यांचं तिथे नेहमी रडगाणं असतं. नियमानुसार आधी बघायचं कोणाचे स्ट्राइक (पंच-किकचे मार) आणि ग्रॅपलिंग (कुस्ती, पकडापकडी) जास्त परिणामकारक होतं, आक्रमकता वगैरे त्यात बरोबरी असेल तरच. कागदावर ठीक आहे. पण तुम्ही एका राउंडमध्ये सहा पंच मारलेत आणि समोरचा सतत पुढे येतोय, एक-दोन टेकडाऊन पण मिळवतोय, तर तुमचे सहा पंच फार फार स्वच्छ असावे लागतात. ऑगस्ट २०१३ मध्ये रिओत माचिदा फिल डेव्हिसविरुद्ध असाच पॉइंट्सवर हरला, तेही घरच्या प्रेक्षकांसमोर, आणि बऱ्याच लोकांना तो निकाल पटला नाही. मला पण नाही पटला, पण माचिदाने ती फाइट जजेसच्या हातात दिली हेही तितकंच खरं. आणि दोघंही काउंटरवाले असले तर काय होतं ते मार्च २०२० च्या अदेसान्या विरुद्ध योएल रोमेरोमध्ये दिसलं, पाच राउंड "तू आधी, नाही तू आधी", पब्लिक बोंबलतंय. ती फाइट मी परत कधीच बघणार नाही.

म्हणून हुलकावणी, म्हणजे फेंट. खांदा हलवा, पाऊल आपटा, लेव्हल खाली करून, म्हणजे गुडघे वाकवून, दाखवा. समोरचा यावर काय करतो ते बघा. तो हात खाली आणतोय का, मागे होतोय का, की घाबरून लगेच उलटा मारतोय? तिसऱ्या प्रकारचा भेटला तर तुमचं नशीब, कारण आता तो तुमच्या इशाऱ्यावर पंच मारणार. हूल द्या, तो मारेल, तुम्ही मागे, आणि मग तुमचा. फेंट खोटी वाटू नये म्हणून अधूनमधून खरा जॅब पण टाकायला लागतो, नुसत्या हुला देणाऱ्याला दुसऱ्या राउंडपर्यंत कोणी विचारत नाही.

सरावाचं सांगायचं तर पॅडवर काउंटर छान दिसतात आणि पॅडवरच राहतात. कोच जॅब मारणार हे तुम्हाला माहीत असतं, तुम्ही मागे होता, उजवा टाकता, ठप्प असा आवाज येतो, बरं वाटतं. त्याने हालचाल बसते, टायमिंग बसत नाही. टायमिंगसाठी हळू स्पारिंग, खरंच हळू, ज्यात जोर तीस टक्के पण अंतर खरं. पार्टनरला सांगायचं की फक्त जॅब मार पण कधी मारायचं ते तू ठरव. ते जमलं की मग कधी जॅब, कधी नुसती हूल. मग त्यात लो किक टाकायची, आणि शेवटी कधीतरी थेट पायात शिरायची परवानगी द्यायची त्याला. इथे सगळे गडबडतात, कारण जॅबला मागे झुकायची सवय लागलेली असते आणि वजन मागे गेलं की पुढचा पाय तिथेच हलका लटकत राहतो, पार्टनर तो सपासप कापतो. उपाय एकच, झुकण्याऐवजी अर्धं पाऊल मागे सरकायचं, म्हणजे डोकं पण जातं आणि पाय पण. दोन्ही प्रकार आले पाहिजेत आणि त्याच्या कंबरेकडे बघून कुठला वापरायचा ते कळलं पाहिजे, याला वेळ जातो. तोपर्यंत पार्टनरला जाड शिन गार्ड घालायला लावा, मांडी दुवा देईल.